खाडीकाठच्या जुन्या घरात मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढले. घर दाभोळच्या खाडीवर आहे. वाशिष्ठी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, दापोली तालुक्याच्या काठाला. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, बाकी घरात आम्ही. उत्तरे मी, घरची सून, लिहिते आहे. स्वयंपाकाची उत्तरे सासूबाईंनी वाचून पाहिली आहेत.

१. 'निवास व न्याहारी' म्हणजे नक्की काय? रिसॉर्टपेक्षा वेगळे काय मिळते?

राज्याच्या पर्यटन विभागाची याच नावाची योजना आहे. राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळची न्याहारी घरची द्यायची आणि मालकाने त्याच घरात राहायचे, ही त्यातली मूळ कल्पना. त्यामुळे इथे रिसेप्शन नाही, रूम सर्व्हिस नाही आणि रात्री दीड वाजता चहा नाही. सकाळी उठलात की ओटीवर सासरे पंचांग घेऊन बसलेले दिसतील, त्यांच्याशी बोलावे लागेल.

हल्ली किनाऱ्यावर 'होमस्टे' अशी पाटी असते, मालक मुंबईत असतो आणि चावी राखणीच्या माणसाकडे. त्यातही वाईट काही नाही. पण कुठेही खोली घेण्याआधी 'घरात कोण राहते?' एवढे विचारून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

२. घर किती जुने? काही कागद आहे का?

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घरपट्टी असते, घराचा जन्म नसतो. माजघराच्या दारावरच्या पट्टीवर शके १८१२ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १८९०. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, खांब फणसाचे, तुळया किंजळीच्या. छप्पर मात्र भिंतींच्या मागाहूनचे. आधी नळीची कौले होती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी कौले गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरू लागली. आमच्या छपरावर आज तीच आहेत, पण फुटेल तशी बदललेली, म्हणून रंग सारखा नाही.

वाडा नाही, हवेली नाही. मध्यम कुळाचे घर आहे. जाहिरातीत 'हेरिटेज' लिहा असे बरेच जण सुचवतात, आम्ही लिहिलेले नाही.

३. कसे यायचे? रेल्वे, एसटी, गाडी?

कोकण रेल्वेने खेडला उतरा. तिथून दापोली आणि दापोलीहून दाभोळची एसटी किंवा रिक्षा. गुहागरकडून येत असाल तर धोपाव्याला या आणि फेरीबोटीत गाडी घालून खाडी ओलांडा. बोटीत थोडाच वेळ जातो, आणि चिपळूणवरून घ्यावा लागणारा मोठा वळसा वाचतो. फेरीबोट रात्री बंद होते. शेवटची फेरी किती वाजता आहे ते निघण्याआधी आम्हाला विचारा, कारण ती चुकली तर समोर घर दिसत असूनही तुम्ही आणखी कित्येक तास गाडीत असाल.

४. गाडी दारापर्यंत येते का? आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे.

नाही येत. गाडी वरच्या रस्त्याला लावायची आणि पाखाडीने खाली उतरायचे. पायऱ्या चिऱ्याच्या, झिजलेल्या, उंचीला सारख्या नाहीत. पावसात शेवाळ धरते. सामान आम्ही उतरवतो, माणसांना उतरवता येत नाही. गुडघे खरेच दुखत असतील तर आमच्याकडे येऊ नका असेच सांगते. गुहागर किंवा मुरूड-हर्णैला सपाटीवरची चांगली घरे आहेत, नावे फोनवर देते.

५. खोलीतून समुद्र दिसतो का?

पडवीतून खाडी दिसते. खोलीतून माडांचे बुंधे दिसतात आणि त्यांच्या फटींतून पाणी.

जुन्या लोकांनी पाणी बघायला घरे बांधली नाहीत. खाऱ्या वाऱ्याने लाकूड आणि लोखंड दोन्ही खाल्ले जाते, म्हणून पाण्याच्या अंगाला आधी माड-पोफळीचे आगर, मग गडगा (रचीव दगडांचे कुंपण), मग घर. तोंड वाटेकडे, पाठ खाडीकडे. खाडी कामाची होती. पडाव धक्क्याला लागायचा, भात-मीठ-कौले उतरायची, नारळ-सुपारी चढायची. त्या धक्क्याचे दगड अजून आहेत, संध्याकाळी बसायला तीच जागा. खिडकी मोठी करून काच लावा, अशी सूचना दर मोसमात एकदा तरी येते. चिऱ्याच्या भिंतीला मोठे भोक पाडले की वरच्या तुळईचे काय होते हे ज्याने पाहिले आहे तो असे सुचवणार नाही.

६. फोटोत पाणी होते, आम्ही आलो तेव्हा नुसता चिखल होता. असे कसे?

ओहोटीला आलात. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उतरले की काठाशी रेंदा उघडा पडतो, त्याला वासही असतो. त्याच वेळी बगळे, तुतवार चिखलात चरायला येतात आणि गावातल्या बायका तिसऱ्या, कालवे असले शिंपले काढायला उतरतात. आमच्या मते बघण्यासारखी वेळ तीच.

वेळ काढायचा जुना हिशेब असा : तिथीचा आकडा पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण सासऱ्यांच्या पंचांगाचे बहुतेक वेळा बरोबर येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी धक्क्याच्या वरच्या दगडाला लागते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, पाण्याची चढउतार कमी. फोटोसाठी येणाऱ्यांनी दुपारी भरती हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीच्या आसपासचे दिवस निवडावेत.

७. न्याहारीला काय असते? रोज पोहेच का?

पोहे असतात, पण दडपे. ओल्या नारळात दडपलेले, वर मिरची-कोथिंबीर. एरवी घावणे आणि नारळाची चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची उकड, नाहीतर मऊभात, मेतकूट आणि वर तूप. मऊभाताला पाहुणे आधी नाक मुरडतात, 'आजारपणातले जेवण' म्हणतात. दुसऱ्या दिवशी तेच पातेले खरवडतात. फणस-आंब्याच्या दिवसांत सांदणे होतात, श्रावण-भाद्रपदात काकडी मिळाली तर धोंडस.

ब्रेड-ऑम्लेट मिळणार नाही, असे नाही. अंडी गावातली, पाव दापोलीहून येतो, आदल्या दिवशी सांगायला हवे. न्याहारी साडेनऊपर्यंत. त्यानंतर चूल दुपारच्या स्वयंपाकाला लागते. 'डाएट' वाल्यांसाठी : तेल कमी करता येते, नारळ कमी करता येत नाही.

८. मासे मिळतील का? पापलेट-सुरमई सांगून ठेवू का?

जेवण न्याहारीत धरलेले नाही, वेगळे सांगावे लागते. आणि मासळी सांगून ठेवता येत नाही. बाजारात त्या दिवशी काय आले त्यावर ताट ठरते. बांगडा, सौंदाळे, मांदेली, बोंबील आले तर आनंदाने खा. पापलेटचा हट्ट धरलात तर त्या दिवसाचा भाव द्यावा लागेल आणि तो ऐकून तुम्हीच बांगडा म्हणाल.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दोन महिन्यांत खाडीतले खेकडे, पहिल्या पावसात चढणीचे मासे आणि मडक्यातली सुकी मासळी एवढ्यावर भागते. या दिवसांत किनाऱ्यावर कोणी 'ताजी सुरमई' म्हणून वाढली, तर ती बर्फातली आहे हे समजून खा. संपूर्ण शाकाहारी असाल तर आमची भांडी वेगळी आहेत, चूल एकच आहे. ते चालत नसेल तर आधी सांगा. गणपतीतल्या दिवसांसाठी प्र. १५ पाहा.

९. एसी, वायफाय, गरम पाणी?

एसी नाही. कौलारू छपराखाली तो चालत नाही, थंडावा कौलांच्या सांध्यांतून वर निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार घाम येतो, हे लपवत नाही. पंखे आहेत, आणि त्या वेळात घरातली सगळी माणसे शेणाने सारवलेल्या माजघरात आडवी होतात, तुम्हीही व्हा. वायफाय आहे, लाईट आहे तोवर. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात. गरम पाणी तांब्याच्या बंबातले, सकाळी सहा ते नऊ. पाणी विहिरीचे. मेच्या अखेरीस किंचित मचूळ लागते, तेव्हा पिण्याला वेगळे ठेवतो.

१०. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का?

दोन खोल्यांना आहे, अलीकडे बांधलेले. तिसऱ्या खोलीला पडवी ओलांडून जावे लागते, म्हणून तिचे भाडे कमी. सगळे कमोड.

११. साप-विंचू निघतात का?

आगरात असतात, घरात क्वचित. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे बरेच, नाग, मण्यार, घोणसही आहेत. तीन गोष्टी पाळा : अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडायचे नाही, गडग्याच्या दगडांत हात घालायचा नाही, बूट घालण्याआधी झटकायचे. लहान मुलांना गडग्यावर चढू देऊ नका, त्यांना ते फार आवडते.

चावलेच तर आवळून बांधणे, चिरा मारणे, मांत्रिक असले काही नाही. माणसाला शांत ठेवून सरळ सरकारी दवाखान्यात. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसे दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. म्हणजे विंचू चावला तरी दवाखान्यातच, घरगुती लेपावर रात्र काढायची नाही.

१२. जुने घर, रात्री माळ्यावर आवाज येतात म्हणे. भुताखेताचे काही?

हे लोक हसत विचारतात, पण विचारतात. माळ्यावर उदमांजर येते, पिकली केळी आणि फणस हुंगत. कौले दिवसभर तापतात आणि रात्री निवताना कडकडतात. किंजळीच्या तुळया हवा बदलली की बोलतात. वाडीचा राखणदार आहे, त्याला वर्षातून एकदा नारळ दिला जातो, त्याचा पाहुण्यांशी संबंध नाही. भुताच्या आशेने येणाऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

१३. खाडीत पोहता येईल का?

नाही. मुखाजवळ ओहोटीची ओढ जोरात असते, तळाला रेंदा, आणि वर चिपळूणच्या बाजूला याच खाडीत मगरी आहेत. त्या बघायला होड्या जातात, ती सहल जरूर करा, बसून. समुद्रात उतरायचे असेल तर गुहागर किंवा मुरूडचा किनारा, तोही स्थानिकांना विचारून आणि पावसाळा सोडून.

१४. समोर रात्री एवढे दिवे कसले दिसतात? आणि दाभोळमध्ये बघण्यासारखे काय?

पलीकडच्या काठाला अंजनवेलचा वीज प्रकल्प आहे, एन्रॉनमुळे १९९० च्या दशकात गाजलेला तोच. नाव दाभोळचे पडले, प्रकल्प गुहागर तालुक्यात. निर्मनुष्य किनाऱ्याचे स्वप्न घेऊन येणार असाल तर हे दिवे आधी सांगितलेले बरे. त्याच काठावर गोपाळगड किल्ला आहे.

आमच्या काठावरचे खुद्द दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर, अरबी घोडे उतरायचे ते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने ते जाळले. पाण्याजवळची घुमटाची मशीद सतराव्या शतकातली, आदिलशाही. चंडिकेचे मंदिर गुहेत आहे, वाकून आत जावे लागते. एक दिवस जास्त असेल तर पन्हाळेकाजीची २९ लेणी आणि उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे. फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, वेळास आणि आंजर्ल्याला. कधी सोडतील ते अंड्यांवर असते, तुमच्या सुट्टीवर नसते.

१५. गणपतीत किंवा शिमग्यात राहायला यावे का?

गणपतीत खोल्या बंद. मुंबई-पुण्याचे आमचेच लोक येतात आणि ओटीवरही अंथरुणे पडतात. गौरी-गणपती जाईपर्यंत घरात मासळीही नाही.

शिमग्यात या. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, खांद्यावर नाचवतात, अंगणात नमन-खेळे होतात. मात्र पालखी कुठल्या दिवशी आपल्या दारात येईल हे मानकरी ठरवतात, त्यामुळे एक दिवसाचा मुक्काम ठेवून ती बघायला मिळेलच असे नाही. ओटी भरायला, पाया पडायला पाहुण्यांनाही मोकळीक आहे. पालखी अंगणात असताना मध्ये घुसून सेल्फी नको.

१६. पावसाळ्यात घर चालू असते का?

चालू असते, आणि भाडे कमी. मे महिन्यात कौले चाळून घेतो, पडवीला झड लागू नये म्हणून झाप बांधतो. तरी कुठेतरी गळतेच, तिथे बादली ठेवतो. कपडे वाळत नाहीत. पाखाडी निसरडी (प्र. ४), फेरीबोट वादळी हवेत थांबते, घाटात दरड येते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा रेल्वे आणि रस्ता दोन्ही बंद होते. परतीच्या दिवसाला लागून महत्त्वाचे काम ठेवू नका.

१७. आमचे लग्न झालेले नाही. खोली मिळेल का?

दोघेही १८ वर्षे पुरी केलेले असतील आणि दोघांकडे ओळखपत्र असेल तर मिळेल. कायद्यात अशी बंदी नाही. सासूबाई 'किती वर्षे झाली लग्नाला?' असे विचारतील, त्यांना नुसते हसून दाखवले तरी पुरते.

१८. पाळी चालू असेल तर जुन्या घरात चालते का?

चालते. खोली, पडवी, जेवणाची जागा, विहीर, कुठेही आडकाठी नाही. देवघर घरच्यांचे आहे, तिथे एरवीही पाहुणे जात नाहीत, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. कचऱ्याचा डबा झाकणाचा आहे, कमोडमध्ये काही टाकू नका, शोषखड्डा आहे.

१९. सोबत परदेशी मित्र आहे. काही वेगळे करावे लागते?

पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक आहे. त्या रात्री नेटवर्क नसेल तर आमची पंचाईत होते, म्हणून पासपोर्टची प्रत दोन दिवस आधी पाठवा.

२०. दारू, कुत्रा, प्री-वेडिंग शूट?

दारू पडवीत नको, अंगणात नको, खोलीत काय करता ते आम्ही बघायला येत नाही. आरडाओरडा झाला तर येतो. कुत्रा चालेल, पण आमचा मोती त्याला चालू देईल का, हे त्या दोघांत ठरेल. शूट नाही. झोपाळ्यावर धूर सोडून, फणसाच्या खांबांना खिळे ठोकून फुले लावायची मागणी येते.

२१. वादळाचा इशारा आला आणि आम्ही आलो नाही, तर पैसे परत का?

एरवी आठ दिवस आधी कळवले तर सगळे, नंतर निम्मे. हवामान खात्याचा इशारा असेल तर आदल्या रात्री कळवले तरी सगळे परत, आणि आम्हीच 'येऊ नका' म्हणालो तरीही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात किती घरांची कौले उडाली, किती पोफळी आडव्या झाल्या ते आम्ही पाहिले आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ बाहेरून गेले तरी लाईट गेलीच. अशा वेळी घरात पाहुणे नकोत, आम्हाला आमच्या छपराकडे बघायचे असते. फक्त पाऊस आहे म्हणून रद्द केले तर ते वादळात धरत नाही (प्र. १६).

२२. गावाला आमचेही जुने घर बंद पडून आहे. आम्हाला असे सुरू करता येईल का?

हा प्रश्न मुंबईहून सर्वांत जास्त येतो. पहिली अडचण पैशांची नसते. कोकणातले घर बहुधा सामाईक असते. उताऱ्यावर आजोबांचे नाव, खाली वारस पंधरा, त्यातले दोघे परदेशात, एकाशी बोलणे नाही. सगळ्यांची लेखी संमती घ्या, नाहीतर पहिला पाहुणा आल्यावर पहिली नोटीस येते. पाण्यालगत असाल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, नवे बांधकाम करण्याआधी चौकशी करा. संडास बांधायलासुद्धा.

दुसरे, तिथे राहणार कोण? बंद घराला सहा महिन्यांत वाळवी लागते, आणि पाहुण्यांना चावी देऊन चालवायचे असेल तर ही योजना त्यासाठी नाही (प्र. १). घरातले एक माणूस कायमचे गावी यायला तयार असेल तरच पुढचा हिशेब करा. छपराचा खर्च दरवर्षी आहे, एकदाचा नाही. कौले चाळणारे गडीही आता कमी झालेत, मार्चमध्ये सांगितले तर मेमध्ये येतात.

संमतीपत्रावर सह्या झाल्या की फोन करा. आमचा सुतार आणि कौलांवर चढणारे दोघे जण यांचे नंबर देते.